कंबर बारीक केली की सांगा

संपादक महोदय,
मी युरोपात जाहिरातीच्या एजन्सीत काम करतो आणि इथे क्लायंटपेक्षा जास्त धास्ती लीगलवाल्यांची असते. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलची कंबर फोटोशॉपमध्ये बारीक केली की फोटो रिटच केलाय असं छापावंच लागतं, नॉर्वेने 2022 पासून इन्फ्लुएन्सर लोकांच्या पेड पोस्टमधल्या रिटच केलेल्या फोटोंनाही तसं लेबल सक्तीचं केलं, मग काय, डेडलाइनच्या रात्री एकेक लेयर उघडून कुणी कुठे काय चेपलंय ते शोधत बसायचं. फ्रान्सला पुरळ पुसलेली चालते, नॉर्वेला त्वचेवर हात फिरवलेलाही लेबलशिवाय चालत नाही (आर्ट डायरेक्टरचं तोंड बघावं तेव्हा!). कटकट आहेच, पण लोक आता शूटलाच लाइटिंगवर डोकं लावतात, "पोस्टमध्ये बघू", म्हणजे नंतर एडिटिंगमध्ये निस्तरू, हे बरंच कमी झालंय.

– एक वाचक