एकूण पगार तोच ठेवून बेसिक (मूळ पगार) निम्म्यावर आणल्याबद्दल आणि पावतीशिवाय पैसे घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
परदेशी नोकरभरती विभाग,
आपली कंपनी, नाशिक

विषय: दुबईतील सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रे) ऑपरेटर व वेल्डर भरतीमधील करार, शुल्क आणि व्हिसाबाबत

महोदय,

सातपूर आणि अंबड एमआयडीसीतल्या आम्हा उमेदवारांची आपण दुबईतील वरील जागांसाठी निवड केली. मुलाखतीनंतर मिळालेल्या ऑफर लेटरमध्ये बेसिक १,८०० दिरहम आणि जेवणाचा भत्ता ४००, असे एकूण २,२०० दिरहम लिहिले होते. आता सहीसाठी आलेल्या करारातही एकूण २,२०० च आहेत, पण बेसिक ९०० करून उरलेले ९०० ‘इतर भत्ते’ या रकान्यात टाकले आहेत. याबद्दल विचारल्यावर आपल्या ऑफिसने ‘हातात तेवढेच येणार आहेत, मग अडचण काय?’ असे उत्तर दिले. अडचण नेमकी काय आहे, ते हिशेबासकट लिहीत आहोत.

दुबई ज्या देशात आहे त्या यूएईच्या (संयुक्त अरब अमिरातीच्या) कामगार कायद्यात (२०२१ चा ३३ क्रमांकाचा कायदा, लागू फेब्रुवारी २०२२ पासून) कामगाराचे ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी आणि न वापरलेल्या रजेचे पैसे बेसिकवर मोजले जातात, एकूण पगारावर नाही. ओव्हरटाइमचा दर बेसिकच्या तासाच्या दरावर किमान २५ टक्के जादा असतो. महिन्याचे ३० दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले, तर १,८०० बेसिकवर तासाला ७.५० दिरहम पडतात आणि ओव्हरटाइमला सुमारे ९.३८. बेसिक ९०० असेल तर ओव्हरटाइमचा तास ४.६९ वर येतो. महिन्याला ४० तास ओव्हरटाइम झाला तर दरमहा १८७.५० दिरहमचा फरक पडतो, म्हणजे दोन वर्षांच्या करारात ४,५०० दिरहम. ज्या जाहिरातीत आपण ‘ओव्हरटाइम भरपूर’ असे ठळक छापले, त्याच कामाचा दर इथे निम्मा झाला आहे.

ग्रॅच्युइटीचेही तसेच. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक पगार मिळतो. दोन वर्षांनंतर १,८०० बेसिकवर २,५२० दिरहम मिळतील, ९०० वर १,२६०. न वापरलेल्या रजेचे पैसे बेसिकवरच मिळतात. नोकरी गेल्यास तिथल्या सक्तीच्या बेरोजगारी विम्यातून, अटी पूर्ण झाल्या असतील तर, बेसिकच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. १,०८० दिरहमच्या जागी ५४० मध्ये दुबईत नवी नोकरी शोधायला कोण टिकेल? बेसिक कमी दाखवण्यात दुबईतल्या मालक कंपनीचा सरळ फायदा आहे आणि तो पूर्णपणे कामगाराच्या खिशातून जातो. परदेशी भरतीचा व्यवसाय करणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, असे आम्ही मानत नाही.

तिथल्या कामगार मंत्रालयाच्या पद्धतीनुसार आधी मंत्रालयाच्या नमुन्यातले ऑफर लेटर उमेदवाराच्या सहीने जाते आणि नंतरचा करार त्याच्याशी जुळावा लागतो. बदल करायचा तर कामगाराच्या फायद्याचाच करता येतो. या नमुन्याची हिंदी प्रतही मिळते आणि त्यावरच्या व्यवहार क्रमांकावरून ते मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येते. आपण आम्हाला दिलेला कागद कंपनीच्या लेटरहेडवरचा आहे, त्यावर असा क्रमांकच नाही. मंत्रालयाकडे नेमके कोणते आकडे गेले आहेत, हे आम्हाला कळलेच पाहिजे.

आता पैशांबद्दल. प्रत्येक उमेदवाराकडून आपण ८५,००० रुपये एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने घेतले आणि पावती दिली नाही. भारतातील उत्प्रवास (नोकरीसाठी परदेशी जाणे) नियमांनुसार भरती एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. उरलेले ४९,६०० रुपये ‘व्हिसा आणि प्रोसेसिंग’चे असल्याचे तोंडी सांगण्यात आले. पण यूएईच्या वरील कायद्यातील कलम ६ प्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. तो थेट किंवा आडमार्गाने कामगाराकडून घेता येत नाही. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शुल्क घेणे हा उत्प्रवास अधिनियम १९८३ च्या कलम २४ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

सर्वांत गंभीर बाब व्हिसाची आहे. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ’ असे आपण सांगता. आमच्यातल्या काहींचे शिक्षण दहावीपर्यंत नाही, त्यांचे पासपोर्ट ईसीआर (उत्प्रवास तपासणी आवश्यक) आहेत. यूएई ईसीआर देशांच्या यादीत असल्यामुळे नोकरीसाठी जाताना त्यांना ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवरून उत्प्रवास परवानगी लागते. त्या परवानगीबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेचे १० लाखांचे अपघाती संरक्षणही येते, ज्याचा दोन वर्षांचा हप्ता कर सोडून अवघा २७५ रुपये आहे. व्हिजिट व्हिसावर गेले की परवानगीही नाही आणि विमाही नाही. तिथे काम करताना पकडले गेले तर दंड होऊ शकतो आणि परत पाठवले जाऊ शकते. वेल्डरला चटका लागला किंवा तो उंचावरून पडला, तर घरच्यांच्या हाती काय राहील, याचा विचार आपण केलेला दिसत नाही.

म्हणून हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आम्हाला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत. आपला भरती नोंदणी क्रमांक कळवा, म्हणजे ई-मायग्रेटवर तो चालू आहे का ते आम्ही पाहू. मालक कंपनीचे डिमांड लेटर (कामगारांच्या मागणीचे पत्र) आणि पॉवर ऑफ ॲटर्नी (आपल्याला दिलेले भरतीचे अधिकारपत्र) यांच्या प्रती द्या. बेसिक १,८०० असलेले मंत्रालयाचे ऑफर लेटर क्रमांकासह द्या आणि नोकरीचा व्हिसा आल्याशिवाय कोणालाही पाठवू नका. जादा घेतलेले ४९,६०० रुपये प्रत्येकाला परत करा आणि कायदेशीर शुल्काची जीएसटीसह पावती द्या. हे शक्य नसेल, तर पूर्ण ८५,००० रुपये परत करा. आपल्याकडे ठेवलेले आमचे मूळ पासपोर्ट मात्र लगेच हवेत. पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे. तो ‘फाइल पूर्ण होईपर्यंत’ अडवून ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मुदतीत उत्तर न आल्यास मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयात आणि ई-मायग्रेट पोर्टलवर तक्रार करू. पैशांसाठी नाशिक जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तो करता येतो आणि या रकमेच्या दाव्याला शुल्क लागत नाही. यूपीआयच्या नोंदी, जाहिरात, ऑफर लेटर, करार आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश आमच्याकडे जपून ठेवले आहेत.

उत्तर स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवावे. फोनवरचे आश्वासन उत्तर म्हणून धरले जाणार नाही.

आपले,
सीएनसी ऑपरेटर व वेल्डर बॅचचे उमेदवार,
सातपूर–अंबड, नाशिक

सोबत: यूपीआय व्यवहारांच्या प्रती, ऑफर लेटर व कराराच्या प्रती, जाहिरातीची प्रत