प्रश्न नीट मांडायला शिकवलेस म्हणून

डिचोली, गोवा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्याच्या सुट्टीत तू गावी आलीस, तेव्हा वाचनालयात येणाऱ्या सहावीच्या मुलांसाठी मी जनमत कौलावर, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश राहावा या प्रश्नावरच्या मतदानावर, एक उतारा तयार करीत होतो. एआय चॅटला मी एवढेच लिहिले होते, ‘गोव्याच्या जनमत कौलाविषयी माहिती द्या.’ उत्तर वाचायला सफाईदार होते. परंतु त्यात महाराष्ट्रातील विलीनीकरणाची निशाणी दोन पाने आणि संघप्रदेशाची फूल, अशी उलटापालट झाली होती. मी यंत्राला दोष देत होतो. तू मात्र शांतपणे विचारलेस, ‘सर, निबंध देताना तुम्ही नुसता विषय सांगून थांबायचात का?’

मी थांबत नसे. निबंध कोणासाठी आहे, किती शब्दांचा हवा आणि कोणते मुद्दे त्यात यायला हवेत, हे सारे मी फळ्यावर लिहून देत असे. तेच तू माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलेस : वाचणारी मुले अकरा-बारा वर्षांची आहेत, घरी कोकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात, उतारा २०० शब्दांचा असावा आणि वाक्ये लहान असावीत. कोकणी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जात असल्याने ‘उत्तर मराठीतच द्यावे’ हेही तू स्पष्ट लिहायला लावलेस.

सर्वांत मोलाची गोष्ट त्यापुढची. हे साधन शब्दामागून कोणता शब्द संभवतो याचा अंदाज बांधत लिहिते, म्हणून भाषेची सफाई हा खरेपणाचा पुरावा मानू नये, असे तू समजावलेस. मग आपण ग्रंथांतून पडताळलेली माहिती प्रश्नातच घातली : मतदान १६ जानेवारी १९६७, दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०, अंतर ३४,०२१. ‘केवळ या माहितीच्या आधारे लिहावे आणि जे यात नाही ते स्वतःहून भरू नये’ अशी सूचनाही जोडली. त्यानंतर आलेल्या मसुद्यात निशाण्या जागच्या जागी होत्या, तरी प्रत्येक आकडा तू मला पुन्हा ताडून पाहायला लावलास.

भाषा मात्र अजून परकी वाटत होती. माझ्या जुन्या टिपणवहीतील दोन परिच्छेद नमुना म्हणून देण्याची युक्ती तुझीच, आणि तिने जो फरक पडला तो मी कितीही विशेषणे लिहून पडला नसता. संभाषण लांबल्याने उत्तरे भरकटू लागली, तेव्हा नवे संभाषण उघडून सुधारलेला प्रश्न पहिल्यापासून मांडायचा, हेही तुझ्यामुळेच कळले. मुलांची नावे आणि त्यांच्या घरची माहिती तिथे घालू नये, हा तुझा आग्रह मला फार योग्य वाटला.

चाळीस वर्षे मी मुलांच्या उत्तरांना गुण दिले. प्रश्न कसा मांडला आहे याकडे इतक्या बारकाईने कधी पाहिले नव्हते. ते तू दाखवलेस, याबद्दल मी मनापासून तुझा आभारी आहे.

चवथीला येशील तेव्हा उतारा दाखवीन. त्याचा शेवटचा परिच्छेद मी स्वतः लिहिला आहे : त्या दिवशी आमच्या घरातून वडील फुलाला आणि काका दोन पानांना मत देऊन आले, आणि आईने दोघांना एकाच पंगतीला वाढले.

तुझा,
सर