टकटक करून गाडी कळत नाही

प्रिय विन्या,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तर राहूनच गेलं. माझी तब्येत ठीक, घरचे मजेत. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. गार्गीच्या प्रवेशाचं काय ठरलं ते सवडीनं कळव.

आता मुद्द्याचं. नानानं पुन्हा तेच केलं. गाडीत बसला, डॅशबोर्डवर बोटानं दोनदा टकटक केली आणि निकाल देऊन मोकळा झाला: "कडक प्लास्टिक. हलका माल." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तू तिथे असतास तर माझ्या आधी भडकला असतास, म्हणून हे तुलाच लिहितोय. दुसरं कारण असं की तू गाडी घ्यायला निघालायस आणि तुझ्या पत्रातही मला तीच टकटक ऐकू आली. "एकीचा डॅशबोर्ड वरून मऊ आहे, स्क्रीन मोठी आहे, चकचकीत काळी पियानो ब्लॅकची पट्टी झकास." हे तू लिहावंस?

मऊ डॅशबोर्ड म्हणजे तीन थर. खाली अडीच ते तीन मिलिमीटरचा कडक सांगाडा, मध्ये पाच ते आठ मिलिमीटर पॉलीयुरेथेन फोम आणि वर साधारण एक मिलिमीटरची कातडी. ती पीव्हीसीची असेल तर तापलेल्या साच्यात पूड वितळवून घडवतात, म्हणून तिच्यावर चामड्याची रेघ न् रेघ उतरते. नवीन असताना देखणी दिसते, यात वादच नाही. पण पीव्हीसीला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर उष्णतेनं हळूहळू उडत राहतो, आणि बंद गाडीत काचेखालचा डॅशबोर्ड भर उन्हात ८० अंशांच्याही वर तापतो. उडालेला अंश समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला तेलकट थर होऊन बसतो आणि इकडे कातडी आखडत जाते. आखडली की बहुधा दोन ठिकाणी चिरते: हवेच्या झरोक्यांच्या (व्हेंट) कोपऱ्यांत आणि एअरबॅगच्या झाकणाच्या रेषेवर. एअरबॅग फाडून बाहेर यावी म्हणून तिथली कातडी मागच्या बाजूनं मुद्दाम पातळ केलेली असते. (म्हणूनच चिरलेल्या डॅशबोर्डवर वरून रेक्झिन चढवून द्यायला कुणी तयार असला तरी एअरबॅगच्या भागाला हात लावू देऊ नकोस. वरच्या नव्या थरामुळे झाकण वेळेवर उघडेलच असं नाही.)

नाना ज्याला हलका माल म्हणतो ते बहुतेक वेळा टाल्कची खनिज पूड मिसळलेलं पॉलीप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक असतं. ते आखडत नाही, चिरत नाही, चिकट होत नाही. त्याचा दोष एकच, नखानं किंवा किल्लीनं ओरखडा गेला की पांढरी रेघ उमटते. वर्षानुवर्षं "आतून रुक्ष" म्हणून हिणवलेल्या टोयोटा जुन्या झाल्यावरही आतून धड का दिसतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. मऊपणाला माझा विरोध नाही. तो कुठे आहे एवढंच मी विचारतो. डॅशबोर्डच्या माथ्यावर हात ठेवून गाडी कुणी चालवत नाही. कोपर दारावर टेकतं, गुडघा सेंटर कन्सोलच्या कडेला घासतो, बोटं दाराच्या खेचमुठीत जातात. मऊपणा या तीन जागी हवा.

बरं, कडक प्लास्टिक चांगलं की वाईट हे आवाजावरून कळतच नाही. कळतं ते कडेवरून. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या काठावरून आणि दारातल्या खणाच्या ओठावरून बोट फिरव. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात ती रेघ बोटाला धारदार लागली, तर साचा झिजलाय किंवा तपासणी ढिली आहे. नंतर तिरक्या उजेडात शेजारशेजारच्या दोन पॅनलची चमक बघ. एक मंद आणि एक तेलकट दिसत असेल, तर पोत जुळवण्यावर कुणी वेळ घातलेला नाही. मागच्या दाराचा वरचा भाग पुढच्यासारखाच आहे का तेही पाहा, कारण पैसे वाचवायची पहिली जागा तीच. तिथे मागच्या सीटवरचा माणूस कोपर टेकवतो, आणि तुझ्या घरी मागे कोण बसणार हे मी तुला सांगायला नको.

नानाचं आराध्य दैवत १९९७ ची फोक्सवॅगन गोल्फ-४, आणि ते योग्यच आहे. फर्डिनांड पिएख फोक्सवॅगनचे प्रमुख होते, दोन पॅनलमधल्या फटींबद्दलचा त्यांचा हट्ट प्रसिद्ध होता, आणि त्या वर्गातल्या गाड्यांना आतून लाज वाटावी असं काम त्या गाडीत झालं. छताजवळच्या मुठी सोडल्या की सावकाश वर जायच्या. पण त्याच काळात फोक्सवॅगन आणि ऑडीच्या बटणांवर, दारांच्या मुठींवर मखमली स्पर्शाचा रंग मारलेला असायचा. तो पॉलीयुरेथेनचा. दमट हवा, ऊन आणि हाताचं तेल यांनी त्याचं विघटन होतं. आधी तो चिकट होतो, मग नखानं सोलला जातो. फेरारीच्या चिकट बटणांची कथाही तीच. म्हणजे एकाच गाडीतली छताजवळची मूठ वीस वर्षं टिकली आणि बटणावरचा थर गेला. शोरूममध्ये दोन्हींना सारखेच गुण पडले असते.

असा चिकट भाग वाचवता येतो. तो काढून घ्यायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापड ओलं करून दोन-तीन मिनिटं वर ठेवायचं आणि सुटलेला थर प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचा. सगळा जाईपर्यंत हेच पुन्हा करायचं, कारण अर्धा ठेवला तर डाग राहतात. अ‍ॅसिटोन मुळीच नको, खालचं एबीएस प्लास्टिक विरघळेल. आणि बटणावरचं चिन्ह त्या रंगातच कोरलेलं असेल तर तेही रंगाबरोबर जाणार हे आधीच धरून चाल.

आता आवाज. इथे तू आणि मी नेहमी एका बाजूला असतो, तेव्हा नीट वाच. करकर आणि खडखड हे दोन वेगळे रोग आहेत. करकर म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. एबीएसवर एबीएस घासलं की हे फार होतं, पॉलीप्रॉपिलीनचं कमी. खडखड म्हणजे सैल भाग आपटतोय: तुटलेली क्लिप, मोकळी वायर, ग्लोव्ह बॉक्सचा कुलपाचा खिळा. कारखान्यात यावर उपाय साधे असतात. दोन भागांत फट ठेवायची किंवा ते घट्ट आवळायचे आणि मधे फेल्टची टेप लावायची. अर्धवट टेकलेलं काही ठेवायचं नाही.

यातली मेख तापमानात आहे. मीटरभर लांबीचं टाल्कवालं पॅनल ५० अंशांच्या फरकात सुमारे ३ मिलिमीटर वाढतं, तर त्यामागची लोखंडी नळी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या वर. म्हणून चांगल्या रचनेत पॅनल एकाच जागी पक्कं धरतात आणि बाकीच्या क्लिपांना लांबट भोकं देतात, म्हणजे ते सरकू शकतं. कुणी स्टिरिओ बसवताना एक क्लिप तोडून तिथे स्क्रू पिळला की पॅनल दोन जागी जखडतं, आणि सकाळी गप्प असलेली गाडी दुपारी कुरकुरते. नव्या गाडीत क्लिप उपटण्याची घाई करू नकोस. आधी हातानं दाबून बघ. दाबल्यावर आवाज थांबला तर जागा सापडली. मग टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा) स्क्रू ड्रायव्हर आणि प्लास्टिकची पट्टी घेऊन तेवढाच भाग उघड, गाडी गार असेल तर आधी आत ऊब येऊ दे, नाहीतर क्लिपांचे पाय मोडतात. पिवळा कनेक्टर दिसला की थांब, ती एअरबॅगची वायर आहे. बॅटरी काढून गाडीच्या पुस्तकात दिलीय तितकी वाट पाहिल्याशिवाय तिला हात नको. दाराच्या रबरी बीडिंगची करकर असेल तर बीडिंग पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दे, पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं.

स्क्रीनबद्दल तुझ्याशी भांडायचंच आहे. २०२२ साली स्वीडनच्या 'वी बीलेगारे' मासिकानं बारा गाड्या ताशी ११० किलोमीटरच्या वेगानं चालवून चार कामं करायला लावली, तापमान वाढवणं, रेडिओ लावणं असली. २००५ च्या बटणवाल्या व्होल्व्हो व्ही७० मध्ये ती १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये आटपली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत ४४ सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे एक किलोमीटरच्या वर रस्ता अर्धवट बघत. गोल्फच्या आठव्या पिढीत तापमानाची स्पर्शपट्टी रात्री उजळायचीच नाही. आता गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनसीएपी संस्थेनं २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापायचं ठरवलंय. मोठ्या स्क्रीनला आतल्या दर्जात धरू नकोस. बऱ्याचदा ती दहा बटणं, त्यांचे साचे आणि वायरिंग वाचवण्याचा मार्ग असते.

हो, माहीत आहे, तू आता तुझ्या लाडक्या साबचा (ती स्वीडनची गाडी) विषय काढणार. नाइट पॅनलची कळ दाबली की रात्री वेगमापक सोडून बाकीचे दिवे मालवतात, त्यापुढे आजही कुणी गेलेलं नाही, हे मी शंभरदा मान्य केलंय. २०११ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं, तुझं सुतक अजून फिटलं नाही. पण छताचं कापड कुणाचं लोंबायचं? त्या कापडामागे काही मिलिमीटरचा फोम असतो. त्याचं पीठ होतं आणि कापड डोक्यावर येतं. तू त्यावर गोंद फवारलास, मी नको म्हणत होतो, आणि आपण महिनाभर बोललो नाही. गोंदाला धरायला खाली पीठच असेल तर तो कशाला धरणार? छताचा फळा बाहेर काढून जुना फोम ब्रशनं शेवटच्या कणापर्यंत झाडायचा, उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना फवारायचा, तो बोटाला चिकटेनासा झाला की फोम लावलेलं नवं कापड मधून कडेला बसवत न्यायचं. दुसरा रस्ता नाही. कडेला पडदा-एअरबॅग असतील तर बॅटरी आधी काढायची.

सीटबद्दल थोडक्यात. "लेदर सीट" म्हटलं की बहुतेक गाड्यांत अंग टेकतं तेवढंच चामडं असतं, बाजू आणि पाठ रेक्झिनची. तेही रंगाच्या पक्क्या थराखालचं, म्हणजे तेल चोळून ते आत जात नाही. चामड्याला मळ मारतो. सौम्य क्लीनर आणि मऊ ब्रश दर दोन-तीन महिन्यांनी पुरे. मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३ या जुन्या मॉडेलमधलं एमबी-टेक्स हे साधं रेक्झिनच होतं आणि आजही शाबूत सापडतं. कापडाचा पर्याय चांगल्या विणीचा असेल तर तो घे, उन्हाळ्यात पाठ तुला दुवा देईल.

तेव्हा सही करण्याआधी एवढं कर. तू निवडलेल्या दोन्ही गाड्यांचे चार-पाच वर्षं वापरलेले नमुने शोध. ड्रायव्हरच्या सीटचा बाहेरचा उंचवटा, स्टिअरिंगचा घड्याळाच्या नऊ-तीनच्या जागचा भाग, खिडकीची बटणं आणि पियानो ब्लॅकची पट्टी, या चार जागा बघ. नव्या गाडीत दाराची खेचमूठ जोरात ओढ. सगळं पॅनल बाहेर येऊ पाहत असेल तर ती मूठ प्लास्टिकलाच धरून आहे, मागच्या पत्र्याला नाही. कन्सोल दोन्ही बाजूंनी तळव्यांनी दाब. मग खडबडीत रस्त्यावर पंखा आणि गाणी बंद करून दहा मिनिटं चालव, आणि वहिनींना मागे बसव. त्या जे ऐकतील ते तुला पुढे ऐकू येणार नाही.

काय आढळलं ते सही करण्याआधी कळव. नानाला मी वेगळं लिहितोय, जरा सौम्य शब्दांत.

तुझा,
श्री

ता. क. काचेच्या आतला तेलकट थर नुसत्या पाण्यानं निघत नाही, पसरतो. मायक्रोफायबरचं कापड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं करून भिजव, काच सावलीत असताना पूस आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडानं उभे हात मार. मिश्रण कापडावरच घे, काचेवर फवारू नकोस, डॅशबोर्डवर ओघळ येतात.