जमिनीची थंडी अस्तराने अडत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी झोपेची पिशवी होणाऱ्या कोटावरचा कालचा लेख वाचला. विषयाला एवढी जागा दिलीत, त्याबद्दल आभार. पण ‘जगात प्रथमच’ हे शब्द छापण्याआधी कोणी तपासले नाहीत का? कलाकार लूसी ओर्टा यांचं ‘रेफ्यूज वेअर’, म्हणजे अंगावरच निवारा होणारे कपडे, १९९२ पासूनचं. जपानी डिझायनर कोसुके त्सुमुरा यांचा ‘फायनल होम’ हा ४४ खिशांचा कोट १९९४ चा. थंडी वाढली की त्या खिशांत वर्तमानपत्रं कोंबायची.

खरी चीड आली ती एका वाक्याची : ‘जाड अस्तरामुळे जमिनीची थंडी लागत नाही.’ लागते! अस्तरातला पॉलिएस्टरचा कापूस ऊब धरतो तो त्यात अडकलेल्या हवेच्या जोरावर. माणूस आडवा झाला की खांद्याखाली आणि कमरेखाली तो चपटा होतो, हवा निघून जाते आणि फरशी अंगातली ऊब ओढून घेते. अस्तर दुप्पट केलं तर मुख्यतः कोटाचं वजन वाढतं. तिथे सहजी न दबणारा, पाणी न पिणारा बंद पेशींचा फोमच हवा, ८ ते १० मिलिमीटर जाडीचा. खांद्यापासून मांडीपर्यंत पुरला तरी बास. चार घड्या घालून पाठीच्या कप्प्यात राहतो. तो काढता यायलाच हवा, नाहीतर कोट धुणार कसा? उवा-ढेकणांमुळे ६० अंशांच्या पाण्यात धुणं टळत नाही, आणि कापडावरचा पाणी अडवणारा लेप हलक्या प्रतीचा असेल तर त्याच धुण्यात तो सोलून निघतो.

‘संपूर्ण जलरोधक’ याचंही कौतुक केलंय. चहूबाजूंनी लेप असलेल्या पिशवीत घामाची वाफ कोंडते आणि पहाटे अस्तर आतूनच ओलं होतं. लेप तळाला पुरे. वरचं कापड घट्ट विणीचं, पण वाफ जाऊ देणारं हवं. तळ अखंड तुकड्याचा कापून शिवण बाजूला, जमिनीपासून चार बोटं वर घ्यायची, कारण सुईच्या भोकांतून पाणी शिरतं.

चेनबद्दल तर अवाक्षर नाही. असे कोट अनेकदा तिच्यामुळेच निकामी होतात. ८ किंवा १० नंबरची नायलॉन चेन हवी, दोन्ही टोकांनी उघडणारी, आणि मागे कडक पट्टी, नाहीतर अस्तर अडकतं. आधी झिजतो तो रनर. चेनचं टोक शिवणीत गाडलेलं नसेल तर तेवढाच बदलता येतो. गाडलं असेल तर आधी शिवण उसवा. रनरला दोरीचा फासही हवा, थंडीने बधिर झालेल्या बोटांना पकडता येईल असा.

पायाकडचं तोंड मात्र चेनने बंद करूच नये. रात्री कोणी अंगावर धावून आलं तर एका हिसक्यात पाय मोकळे झाले पाहिजेत. तिथे टिचबटणं लावावीत. वेल्क्रोचा आवाज होतो, आणि धागे-केस अडकून तो पकडेनासा होतो.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रात झोपलेल्या माणसाचा चेहरा आणि मागची जागा, दोन्ही ओळखू येतात. त्याची परवानगी घेतली होती का? रात्री आपण कुठे झोपतो हे कोणाला कळू न देणं, हेच अशा माणसाचं संरक्षण असतं. छापील अंक परत घेता येणार नाही, पण संकेतस्थळावरचं छायाचित्र कृपया आजच काढा.

आपला,
एक वाचक