वरची दोनशे युनिटे

सातारा,
६ जून

चि. मकरंद यास अनेक आशीर्वाद.

मे महिन्याच्या बिलाचा फोटो आणि त्याखाली तू मांडलेला हिशेब, दोन्ही पोचले. गुणाकार मी तपासले, त्यांत चूक नाही, हे आधीच लिहून टाकतो. दीड टनाचा तुमचा जुना एसी रात्रभरात आठ-नऊ युनिटे घेणार आणि पंप धरून दोनशे वॅटचा कूलर तेवढ्याच वेळात दोनही घेणार नाही, तेव्हा महिन्याकाठी दोनशे युनिटांचा फरक पडतो, हे खरे आहे. मुग्धा अमरावतीला सुट्टीसाठी गेली आहे, असे तू आईला फोनवर सांगितलेस. त्याविषयी मी काही विचारणार नाही.

बिलापुरते बोलायचे, तर तुझी मांडणी एका ठिकाणी अडते. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० चा त्याच्या दुपटीहून अधिक, ३०१ ते ५०० चा त्याहून चढा आणि ५०० च्या पुढचा सर्वांत महाग, शिवाय या साऱ्यावर १६ टक्के वीज शुल्क, हे तुला पाठ आहे. तुम्ही या वेळी ५०० ओलांडलेत. तू काय केलेस, तर घरातली बाकी सगळी उपकरणे खालच्या स्वस्त पायऱ्यांवर बसवलीस आणि एसीला एकट्याला वरच्या दोनशे युनिटांवर चढवलेस. मीटर फक्त बेरीज करतो. कोणते युनिट कोणाचे, हे त्याला कळत नाही. मुग्धाने उद्या एसी आधी धरला आणि तुझा रात्रभर चालू राहणारा संगणक, पाणी गार करण्यापुरता ठेवलेला आईचा जुना फ्रिज, चोवीस तास जळणारे राउटर आणि सेट-टॉप बॉक्स (दोन्ही दहा-दहा वॅटचे धरले तरी महिन्याला चौदा युनिटे होतात) वरच्या पायरीवर टाकले, तर तिचा हिशेब तुझ्याइतकाच बिनचूक ठरेल.

वीज मंडळात नोकरीला असताना अशी कितीतरी जोडपी मी पाहिली. मीटर जोरात पळतो, असा अर्ज असे. टेबलासमोर बसल्यावर पाच मिनिटांत गाडी गिझर कोण बंद करत नाही यावर येई. मीटर बहुधा ठीकच निघे. नाना आणि काकूंनी वरच्या मजल्याला वेगळा मीटर मागितला, तो अर्जही माझ्याच टेबलावर आला होता, हे तुला ठाऊक आहे. पुढचे लिहीत नाही. मुग्धा किती दिवसांसाठी गेली आहे, ते मात्र तू आईलाही सांगितले नाहीस.

एसी अठरावर लावून पांघरूण घेणे मलाही पटत नाही. एक अंश वर चढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगते. पंखा मंद ठेवून २५ वर झोपून पाहा. जाळी काढून धुवा. तुमचे चार पंखे जुने, ७५ वॅटचे आहेत. त्यांच्या जागी तीस वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे बसवलेत, तर दिवसाला बारा तास धरून महिन्याला साठ-पासष्ट युनिटे वाचतील, आणि त्यात कोणालाही उकाडा सोसावा लागणार नाही. तुझ्या कूलरचे म्हणशील, तर तो मेमधल्या कोरड्या हवेत राजा. पाऊस जवळ येऊन हवा दमट झाली की नुसती चिकचिक. चिमीच्या पाठीवरचे घामोळे मुग्धाने आईला व्हिडिओवर दाखवले होते, ते तू पाहिले होतेस ना? हे व्याख्यान झाले, माफ कर. निवृत्त माणसाला कोणी बिल दाखवू नये.

पहिलीत असताना तू ओसरीवरच्या मीटरसमोर तासन् तास उभा राहायचास. चकतीवरची काळी खूण समोर आली की एक, अशी फेऱ्यांची मोजणी चाले, आणि आईने इस्त्री लावली की चकती कशी धावू लागते, ते दाखवायला तू तिचा पदर धरून ओढत आणायचास. लाल चौकटीतला आकडा दशांशाचा, तो सोडून द्यायचा, हे मी तुला एकदाच सांगितले होते. रीडिंग घ्यायला माणूस आला की तू त्याच्या आधी आकडा सांगायचास आणि मी ते कार्यालयात सर्वांना ऐकवायचो. आजही तू रोज रात्री रीडिंग लिहितोस याचे मला कौतुकच वाटते. पण ती वही तू फ्रिजच्या दाराला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी टांगली आहेस, असे आई म्हणाली, आणि एसीच्या रात्रींखाली लाल रेघ मारतोस म्हणे. ती वही काढून ठेव. मुग्धाची आई तुमच्याकडे आली होती ती याच दिवसांत, नाही का?

पुन्हा तिकडेच वळलो. चिमीची शाळा महिनाअखेरीस सुरू होते, तेव्हा त्याआधी त्या येतीलच, असे मी आईला सांगितले आहे. तिने त्यावर काही उत्तर दिले नाही.

बिलाची दुसरी बाजू फोटोत आलेली नाही, मागील महिन्यांचा वापर दिसेल असा फोटो पुन्हा पाठव, म्हणजे गेल्या मेशी ताडून पाहता येईल. भरण्याची मुदत चुकवू नकोस. लोणच्याची बरणी तयार आहे, ती नागपूरला पाठवायची की अमरावतीला, तेवढे कळव.

तुझा,
बाबा