‘स्ले’ म्हणजे आधी ठोका

माननीय संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीतील शब्दार्थाच्या चौकटीत इंग्रजी ‘स्ले’चा अर्थ ‘खून करणे’ एवढाच छापला आहे. तो अपुरा आहे, आणि सोलापुरात तर जास्तच खटकतो.

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘स्लेआन’ होते आणि त्याचा पहिला अर्थ हाणणे. त्याचा जर्मन भाऊ ‘श्लागेन’ आजही मुख्यतः फटका मारण्यासाठीच वापरतात. ठार मारले म्हणायचे तर ‘एर’ उपसर्ग जोडावा लागतो. इंग्रजीत घाव हळूहळू मागे पडला, मरण तेवढे उरले. मराठीत नेमके उलटे झाले. संस्कृत ‘हन्’ला हाणणे आणि ठार करणे असे दोन्ही अर्थ होते, आपल्या ‘हाणणे’त फक्त फटका राहिला.

इंग्रजीतला तो हरवलेला ठोका सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीतल्या, कुठल्याही मागावर ऐकू येईल. धागे ठोकणारी फणी ज्यात बसवलेली असते त्या पुढे-मागे हलणाऱ्या भागाला यंत्रमागाच्या इंग्रजीत ‘स्ले’च म्हणतात. स्पेलिंगमध्ये ‘ए’ऐवजी ‘ई’ येतो (slay, sley), पण मूळ एकच. धोटा आडवा धागा टाकून गेला की स्ले पुढे येतो आणि फणी तो धागा विणून झालेल्या कापडाच्या कडेला ठोकून बसवते. क्रँकच्या एका फेऱ्याला एक ठोका. माग थांबवून पुन्हा सुरू करताना पहिला ठोका हलका पडला, तर कापडावर आडवा पट्टा उमटतो. मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरला हे सांगायला नको.

क्रियापदाची रूपे स्ले, स्ल्यू, स्लेन. मूळ क्रियापदाचा उच्चार खरे तर ‘स्ली’च्या जवळ जायचा, पण ‘स्लेन’ने वर्तमानकाळालाही आपल्याकडे ओढले. मुले ‘कमाल केलीस’ अशा अर्थाने ‘स्लेड’ म्हणतात. गमतीत चालेल, उत्तरपत्रिकेत नको.

वापराबद्दल एवढेच, की १६११च्या इंग्रजी बायबलात लढाईत पडलेल्यांना वारंवार ‘स्लेन’ म्हटले आहे, पण ‘हत्या करू नको’ या आज्ञेत शब्द आहे ‘किल’. आजही ‘स्लेन’ शोभतो तो कामी आलेल्या जवानाला किंवा पोलिसाला. शेतीच्या वादातल्या खुनाला ‘मर्डर’च म्हणावे, कारण त्यात कायद्याने हेतू धरलेला असतो. ‘ढीगभर’ या अर्थाचा ‘स्ल्यू’ मात्र आयरिश भाषेतून आलेला आहे. त्याला या कुळात घालू नये.

आपला,
एक वाचक, सोलापूर