चि. रेवास

वर्धा

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

काल तू चिडून फोन ठेवलास. पायाचं विचारू नका म्हणालीस, तर या पत्रात विचारणार नाही.

आपल्या घरातल्या पायाच्या सुजेवरचा तू पाठवलेला लेख तुषारकडून समजून घेतला. फॉक्ससी२ हे जनुक, सोळाव्या गुणसूत्रावरचं. त्यातला दोष २००० साली सापडला. लसिकावाहिन्या म्हणजे अंगात साचणारं पाणी परत रक्तात नेणाऱ्या नळ्या; त्यांतल्या झडपा नीट घडवणं हे त्याचं काम. मळ्यातल्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह गेला की चढलेलं पाणी खाली येतं, तसंच ना हे?

आजीचा पाय सगळ्या गावाने हत्तीपाय ठरवला होता. आपल्याकडे तो आहेच, म्हणून दुसरं कुणाला सुचलंच नाही. रक्त तपासणारे रात्रीच यायचे, ते जंतू रात्री रक्तात येतात म्हणून. आजीच्या रक्तात कधी काही निघालं नाही, तरी गोळ्या चालूच. दुपारी ओसरीवर बेबीआत्या चिमट्याने तिच्या पापणीतले आतले केस उपटायची आणि आजी शिव्या घालायची. डोळ्याचं दुखणं वेगळं, पायाचं वेगळं, असंच सगळे धरून चालले. दोन्हींचं मूळ एकच, हे घरात पहिल्यांदा तू बोललीस, एमएस्सीला असताना. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटावेसे वाटले. रात्री मात्र झोप लागली नाही. पापण्यांची ती जादा ओळ मला आहे, आणि तुलाही.

ओमाहाच्या डॉ. मिलरॉयने १८९२ साली एका घराण्याच्या सहा पिढ्या लिहून काढल्या, ९७ माणसं, त्यांत २२ सुजलेली. त्यांचं जनुक वेगळं, हे तू सांगितलं आहेस. तरी मी आपल्या घरातली माणसं मोजत बसलो. आईबापांपैकी एकाला असलं तरी प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. सूज वयात आल्यावर केव्हाही येते म्हणे, काहींना चाळिशीतसुद्धा. माझा डावा पाय हल्ली संध्याकाळी भरतो. तुझा नाही ना भरत?

हेलसिंकीच्या थंडीत पाय दिवसभर बुटात कोंडून ठेवू नकोस. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेव. साधी चीर पडून पाय लाल, गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस. दाबाचे मोजे सकाळी उठल्या उठल्या चढवायचे, आणि... असो. तू यातच पीएचडी करतेस आणि मी तुला मोजे शिकवतोय. रागावू नकोस.

तपासणीचं कुमुदताईंच्या घरी बोलायचं नाही, असं आईचं म्हणणं. मी त्यात पडत नाही; तुमचं तुम्ही ठरवा.

शुक्रवारी नागपूरला जाऊन तपासणीसाठी रक्त देतो. मागे नको म्हणालो होतो, पण तुझ्या कामाला उपयोग होणार असेल तर हरकत नाही. तू मात्र घोट्यांचं माप कळव. दोन्ही पायांचं, आणि संध्याकाळी घेतलेलं.

तुझे
बाबा